चुंबकीय क्षेत्र क्षीण होतंय, म्हणजे पूर्वी ते अफाट होतं का?

प्रश्न दोन भागांत आला आहे. पहिला भाग: पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र गेल्या पावणेदोनशे वर्षांत नऊ-दहा टक्क्यांनी घटलं असं वाचलं, ते खरं का? दुसरा भाग पहिल्यातूनच निघालेला: हाच हिशोब मागे नेला तर काही हजार वर्षांपूर्वी क्षेत्र प्रचंड असायला हवं आणि पुढे नेला तर ते लवकरच संपायला हवं, तसं आहे का?

पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याचं उत्तर दोन्ही दिशांना नाही. पण हे "नाही" कशाच्या जोरावर म्हणायचं, ते नीट सांगितल्याशिवाय उत्तराला अर्थ नाही. माझं काम खडकांतलं आणि भाजलेल्या मातीतलं जुनं चुंबकत्व मोजण्याचं आहे, त्यामुळे त्या भागावर मी जास्त रेंगाळेन.

आधी आकडा कशाचा, ते पाहू. भूपृष्ठावर चुंबकीय क्षेत्राची तीव्रता सगळीकडे सारखी नसते. विषुववृत्ताजवळ ती साधारण ३० मायक्रोटेस्ला असते, ध्रुवांजवळ ६० च्या आसपास, आणि दक्षिण अमेरिका ते दक्षिण अटलांटिक या पट्ट्यात एका ठिकाणी जेमतेम २२. फ्रिजच्या दाराला चिकटवायच्या साध्या चुंबकाचं क्षेत्रही याच्या शंभरेकपट असतं. तेव्हा एका जागेवर मोजलेल्या तीव्रतेवरून पृथ्वीबद्दल बोलता येत नाही. त्यासाठी आम्ही द्विध्रुव आघूर्ण वापरतो. पृथ्वीच्या केंद्राशी एक मोठा चुंबक ठेवला असता तर तो किती ताकदीचा लागला असता, त्याचं हे माप. आज ते सुमारे ७.७ गुणिले १० चा २२ वा घात, अँपिअर-चौरस मीटर या एककात. पुढे सगळीकडे मी फक्त आधीचा आकडा देतो: आज ७.७.

आता मोजणीचा इतिहास. चुंबकसूची कुठे वळते आणि किती झुकते, हे माणूस फार पूर्वीपासून नोंदवत आला. ताकद मोजणं मात्र अवघड होतं. आलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट १७९९ ते १८०४ च्या अमेरिका खंडातल्या प्रवासात एक सूची घेऊन हिंडला आणि ठराविक वेळात ती किती झोके घेते ते मोजत गेला. क्षेत्र जितकं जोरकस, तितके झोके जलद. यातून एका ठिकाणची दुसऱ्या ठिकाणाशी तुलना होते, पण खरं माप हाती लागत नाही. कारण झोक्यांचा वेग क्षेत्रावर जसा अवलंबून, तसाच सूचीच्या स्वतःच्या चुंबकत्वावरही, आणि ते तर वर्षागणिक कमी होत जातं.

ही अडचण गाउसने १८३२ मध्ये सोडवली, आणि ती युक्ती इतकी सुरेख आहे की सांगितल्यावाचून राहवत नाही. त्याने एकाच चुंबकावर दोन प्रयोग केले. आधी तो टांगून झुलवला. त्यातून चुंबकाची ताकद आणि पृथ्वीचं क्षेत्र यांचा गुणाकार मिळाला. मग तोच चुंबक दुसऱ्या सूचीच्या बाजूला ठेवून ती सूची किती अंशांनी ढळते ते पाहिलं. त्यातून त्या दोघांचा भागाकार मिळाला. दोन अज्ञात राशी, दोन समीकरणं. चुंबक जुना आहे की नवा, याने काही फरक पडेनासा झाला. लांबी, वस्तुमान आणि काळ एवढं मोजता आलं की क्षेत्राची तीव्रता निघते. उपकरणांनी मोजलेल्या तीव्रतेचा इतिहास इथून सुरू होतो, म्हणजे तो दोनशे वर्षांचाही नाही.

या काळात काय झालं? १८४० च्या सुमारास द्विध्रुव आघूर्ण ८.५ च्या आसपास होतं, आज ७.७. क्षेत्राचं जे आंतरराष्ट्रीय संदर्भ प्रतिमान दर पाच वर्षांनी सुधारलं जातं, त्यातली पहिली आणि सगळ्यात मोठी संख्या पाहा. पृथ्वीच्या अक्षाला समांतर असलेल्या द्विध्रुवाची ही संख्या १९०० साली ३१,५४३ नॅनोटेस्ला होती, २०२० साली २९,४०५. एकशेवीस वर्षांत २,१३८ ची घट, वर्षाला साधारण १८. याच दराने उतरत राहिलं तर २९,४०५ संपायला साडेसोळाशे वर्षं लागतील. "क्षेत्र इतक्या वर्षांत शून्य होणार" अशा ज्या बातम्या येतात, त्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा हाच भागाकार असतो. भागाकार बरोबर आहे. दर तसाच राहील हे गृहीत मात्र कुणी तपासलेलं नसतं.

ते तपासायला फार मागे जायचीही गरज नाही. १८३२ पूर्वीच्या जहाजांच्या नोंदवह्यांत सूचीच्या दिशेची हजारो निरीक्षणं आहेत. नुसत्या दिशांवरून क्षेत्राचा आकार कळतो, एकूण ताकद कळत नाही. पण त्याच काळातल्या भाजलेल्या मातीच्या वस्तूंमधून तीव्रतेचे काही आकडे मिळतात. दोन्ही एकत्र करून २००६ मध्ये एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात १५९० ते १८४० या अडीचशे वर्षांत द्विध्रुव जवळजवळ स्थिर दिसतो. आजची घसरण त्यानंतरची. योगायोग असा की आपण नेमकं मोजायला लागलो आणि क्षेत्राने उतरायला सुरुवात केली.

मागे जाणाऱ्या हिशोबाचीही एक जुनी गोष्ट आहे. १९७० च्या दशकात थॉमस बार्न्स या अमेरिकन भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने असं मांडलं की क्षेत्राचा घातांकी ऱ्हास होतो आहे आणि त्याचं अर्धायुष्य १,४०० वर्षं आहे, म्हणजे दर तेवढ्या काळात ते निम्मं होतं; मागे जाल तसं क्षेत्र इतकं वाढतं की पृथ्वीचं वय दहा हजार वर्षांपेक्षा जास्त असूच शकत नाही. हा युक्तिवाद अजूनही अधूनमधून नव्या कपड्यांत समोर येतो, आणि विचारलेल्या प्रश्नातली शंकाही त्याच वळणाची आहे. म्हणून त्याची परीक्षा त्याच्याच आकड्यांनी करू. अर्धायुष्य १,४०० धरलं तर २,५०० वर्षांपूर्वी क्षेत्र आजच्या साडेतीनपट असायला हवं. सात हजार वर्षांपूर्वी ते ३२ पट हवं. वीस हजार वर्षांपूर्वी वीस हजार पट, म्हणजे विषुववृत्तावर अर्ध्या टेस्लाच्याही वर! हे सगळं मोजून पाहता येतं. मोजणी सांगते की अडीच हजार वर्षांपूर्वी द्विध्रुव आजच्या सुमारे दीडपट किंवा त्याहून थोडा कमी होता. सात हजार वर्षांपूर्वी तो आजच्याहून फारसा वेगळा नव्हता, बऱ्याच नोंदींत तर कमीच दिसतो. आणि वीस हजार वर्षांपूर्वी आजच्यापेक्षा कमी. म्हणजे मागे जाताना क्षेत्र आधी चढतं, मग उतरतं. एवढ्यावरच घातांकी ऱ्हासाचा निकाल लागतो.

ही मोजणी करतात कशी? इथे जरा थांबू.

मातीत लोहाच्या ऑक्साइडांचे सूक्ष्म कण असतात, मुख्यतः मॅग्नेटाइट आणि हेमेटाइट. भट्टीत भांडं भाजलं की हे कण तापतात. मॅग्नेटाइट सुमारे ५८० अंश सेल्सिअसला आणि हेमेटाइट सुमारे ६७५ अंशांना आपलं चुंबकत्व हरवतं. यालाच क्यूरी तापमान म्हणतात. भट्टी विझून भांडं थंड होताना हे कण पुन्हा चुंबकीय होतात, आणि त्या क्षणी तिथे जे पृथ्वीचं क्षेत्र असेल त्याची छाप घेऊन गोठतात. क्षेत्र जितकं मोठं, छाप तितकी ठळक. थंड झालेल्या लाव्ह्यातही हेच घडतं. पुढे ते खापर हजारो वर्षं कुठेही, कसंही पडून राहिलं तरी छाप टिकते.

आता वाटेल की छाप मोजली की झालं. तसं नाही. छाप क्षेत्रावर अवलंबून असते तशीच मातीत चुंबकीय कण किती आहेत, केवढे आहेत, यावरही असते. एकाच काळात भाजलेली दोन खापरं दहापट वेगळं चुंबकत्व दाखवू शकतात. त्यामुळे त्या विशिष्ट तुकड्याला प्रयोगशाळेत माहीत असलेल्या क्षेत्रात पुन्हा छाप घ्यायला लावायची आणि जुन्या छापेशी तुलना करायची, हा मार्ग. एमिल आणि ओदेत तेलिए या फ्रेंच दांपत्याने १९५९ मध्ये मांडलेली पद्धत आजही या कामाचा कणा आहे.

प्रत्यक्षात ती अशी चालते. तुकडा बाहेरच्या क्षेत्रापासून झाकलेल्या भट्टीत १०० अंशांपर्यंत तापवतो आणि शून्य क्षेत्रात थंड करतो. तितक्या तापमानाला जी छाप सुटते ती सुटते, उरलेली मोजतो. मग तोच तुकडा पुन्हा १०० अंशांपर्यंत, पण या वेळी थंड करताना वेटोळ्यातून प्रवाह सोडून ५० मायक्रोटेस्लाचं क्षेत्र देतो, आणि नवी छाप किती आली ते मोजतो. मग १५०, २००, २५०, असं करत क्यूरी तापमानापर्यंत. प्रत्येक टप्प्याला दोन आकडे मिळतात: जुनं किती गेलं, नवं किती आलं. ते आलेखावर मांडले आणि बिंदू सरळ रेषेत पडले तर त्या रेषेचा उतार म्हणजे जुन्या आणि प्रयोगशाळेतल्या क्षेत्रांचं गुणोत्तर. उतार १.४ आला तर भांडं भाजलं तेव्हाचं क्षेत्र ७० मायक्रोटेस्ला.

बिंदू सरळ रेषेत पडले तर! या "तर" मध्येच सगळं आयुष्य जातं. तापवताना मातीत नवे चुंबकीय कण तयार होऊ शकतात, मग नवी छाप फुगते आणि जुनं क्षेत्र खोटंच कमी दिसतं. म्हणून मधूनमधून मागे यावं लागतं: ४०० अंशांवर गेल्यावर पुन्हा ३०० ला तापवून पाहायचं की हा तुकडा पूर्वीइतकीच छाप घेतो का. नसेल घेत, तर पुढची सगळी मोजणी बाद. कण मोठे असतील तर बिंदू रेषेऐवजी झोळ धरतात, आणि त्या झोळाच्या पहिल्या भागाला पट्टी लावली तर एक उत्तर येतं, शेवटच्या भागाला लावली तर दुसरंच. भांडं घडवताना माती दाबली गेल्याने कण आडवे पसरलेले असतात, त्याची दुरुस्ती वेगळी. शिवाय जुनी भट्टी थंड व्हायला कदाचित पुरता दिवस लागला असेल, आमची तासाभरात होते. सावकाश थंड होताना बारीक कण जास्त छाप घेतात, म्हणून तीही दुरुस्ती करावी लागते, नाहीतर जुनं क्षेत्र काही टक्क्यांनी फुगतं. जुन्या प्रकाशित आकड्यांपैकी बऱ्याच ठिकाणी या दुरुस्त्या केलेल्याच नाहीत. माझ्या मते जुन्या काळच्या तीव्रतांमध्ये जो विस्कळीतपणा दिसतो, त्याचा बराच भाग पृथ्वीचा नसून आमचा आहे.

तरीही जिथे काम काटेकोर झालंय तिथे निकाल थक्क करणारे आहेत. सगळ्यात गाजलेलं उदाहरण पूर्व भूमध्य सागरी प्रदेशाचं. जेरुसलेम आणि आसपासच्या उत्खननांत रांजणांचे असे कान सापडतात ज्यांवर माती ओली असताना शाही शिक्के उमटवलेले आहेत. शिक्क्यांचे नमुने राज्यकर्त्यांबरोबर बदलत गेले, त्यामुळे रांजण कधी भाजला हे दशकांच्या अचूकतेने सांगता येतं. साध्या खापरांबाबत अशी तारीख स्वप्नातही मिळत नाही. अशा ६७ कानांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. काळ इसवी सनपूर्व आठव्या ते दुसऱ्या शतकाचा. आठव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथलं क्षेत्र आजच्या जवळजवळ दुप्पट होतं, आणि मग तीसेक वर्षांत ते चौथ्या हिश्श्याहून अधिक घसरलं. आजच्या शतकाला पाच-सहा टक्के घटीने आपण घाबरतो, त्या पार्श्वभूमीवर हा आकडा ठेवून पाहावा. अर्थात तो एका प्रदेशातला आहे, साऱ्या पृथ्वीचा द्विध्रुव तेवढा कोसळला नव्हता. ही तुलना करताना नेहमी एवढी सावधगिरी हवी.

त्याच भागातल्या तिम्ना आणि दक्षिण जॉर्डनमधल्या तांब्याच्या प्राचीन भट्ट्यांची मळी (धातू गाळल्यावर उरणारा टाकाऊ भाग) याहून थोडी जुनी, इसवी सनपूर्व दहाव्या-नवव्या शतकांतली. ती झटकन थंड होऊन काचेसारखी झालेली असते, कण बारीक असतात, म्हणजे आमच्या पद्धतीला अगदी आदर्श. त्यातून तर आणखी उंच आणि आणखी अल्पकाळ टिकलेली शिखरं दिसली. त्यांवर वाद आहे. पृथ्वीच्या गाभ्यातलं द्रव लोह, ज्यातून हे क्षेत्र तयार होतं, ज्या वेगाने वाहतं त्या वेगात इतका झपाट्याने बदल घडवता येतो का, असा आक्षेप गणित करणाऱ्यांनी घेतला. मला शिखरं खरी वाटतात, त्यांची टोकं मात्र थोडी बोथट असावीत.

सगळ्या जगातली खापरं, विटा, चुली आणि लाव्हा एकत्र केले की गेल्या काही हजार वर्षांचं चित्र असं उभं राहतं: सहा-सात हजार वर्षांपूर्वी द्विध्रुव आजच्या पातळीला किंवा खाली, मग हळूहळू चढ, दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी ११ च्या आसपास शिखर, आणि तेव्हापासून चढउतार करत एकंदर उतार. त्या लांब उताराचं शेवटचं टोक म्हणजे आपण मोजलेली पावणेदोनशे वर्षं.

त्याही मागे जायला खापरं नाहीत. लाव्हा आहे, पण ज्वालामुखी आपल्या सोयीने फुटत नाहीत. दोन थरांमध्ये हजारो वर्षांची पोकळी असू शकते. सलग नोंद हवी तर समुद्रतळाच्या गाळाकडे जावं लागतं. गाळ बसताना त्यातले चुंबकीय कण क्षेत्राच्या दिशेने वळतात. यातून तीव्रता सापेक्ष मिळते, म्हणजे आलेखाचा आकार कळतो, उंची ठरवायला लाव्ह्याचे आकडे लागतात. शिवाय कण पक्के बसायला वेळ लागत असल्याने जलद बदल पुसट होतात. पण गाळाला एक पूर्णपणे स्वतंत्र साक्षीदार आहे: बेरिलियम-१०. वैश्विक किरण वातावरणात आदळून हे समस्थानिक बनतं. चुंबकीय क्षेत्र दुबळं झालं की जास्त किरण आत येतात, बेरिलियम-१० जास्त बनतं, आणि ते ध्रुवीय बर्फात आणि समुद्राच्या गाळात साठतं. चुंबकत्वाशी काहीही संबंध नसलेल्या या मोजणीतून निघालेला आलेख गाळाच्या आलेखाशी मोठ्या चढउतारांत जुळतो. दोन वेगळ्या वाटांनी गेलेले लोक एकाच ठिकाणी पोचतात, तेव्हा शंका घ्यायला फारशी जागा उरत नाही.

या दोन्ही नोंदींत सगळ्यात ठसठशीत खड्डा सुमारे ४१,००० वर्षांपूर्वीचा आहे. फ्रान्सच्या मध्य पठारावरच्या लाशां इथल्या लाव्ह्यात तो १९६७ मध्ये पहिल्यांदा ओळखला गेला, म्हणून त्याचं नाव लाशां विचलन. काळ्या समुद्राच्या गाळातून त्याचा तपशील मिळाला. क्षेत्र पूर्ण उलटं झालं, ती उलटी अवस्था सुमारे ४४० वर्षं टिकली, आणि उलटताना लागलेला काळ अडीचशे वर्षांच्या आसपासचा. उलट्या अवस्थेत ताकद आजच्या चौथाईच होती, आणि उलटतानाच्या काळात तर ती पाच टक्क्यांवर आली. मग सगळं पुन्हा पूर्वपदावर. ग्रीनलंडच्या बर्फात बरोबर त्याच ठिकाणी बेरिलियम-१० चा सुळका आहे.

लक्षात घ्या, क्षेत्र पाच टक्क्यांवर उतरलं आणि परत वर आलं. बॅटरी संपत जावी तसं हे नसतं. गाभा क्षेत्र साठवून ठेवत नाही, ते सतत तयार करतो.

दीर्घ मुदतीची सरासरी काय? गेल्या वीस लाख वर्षांची सरासरी बहुतेक संकलनांत पाच ते साडेसातच्या दरम्यान येते, आणि मला स्वतःला त्यातला खालचा आकडा जास्त पटतो; लाव्ह्याची काटेकोर मोजणी तिकडेच झुकते. आजचं ७.७ कसंही पाहिलं तरी सरासरीला किंवा तिच्या वर आहे. "क्षेत्र क्षीण झालंय" हे वाक्य म्हणूनच दिशाभूल करतं. ते उतरतंय, पण उंचावरून उतरतंय.

शेवटचा कायमचा पालट, म्हणजे चुंबकीय उत्तर-दक्षिण ध्रुवांची अदलाबदल, ७ लाख ७३ हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास झाला. जपानमधल्या चिबा इथल्या नदीकाठच्या थरांत तो इतका स्पष्ट आहे की २०२० मध्ये भूशास्त्रीय काळाच्या एका टप्प्याला त्यावरून चिबानियन हे नाव मिळालं. पालटांच्या आधी तीव्रता नेहमी घसरते, हे खरं. पण तीव्रता घसरली की पालट होतोच, हे खरं नाही. गेल्या साडेसात लाख वर्षांत क्षेत्र कितीतरी वेळा आजच्या निम्म्याखाली गेलं आणि न पालटता सावरलं.

कोट्यवधी वर्षांच्या पल्ल्यावर जाताना मी वेग वाढवतो, कारण तिथे नमुने विरळ आहेत आणि मतं दाट. ३४५ कोटी वर्षांपूर्वीच्या दक्षिण आफ्रिकेतल्या बार्बर्टन भागातल्या खडकांतल्या क्वार्ट्झच्या स्फटिकांवरून तेव्हाचं क्षेत्र आजच्या ५० ते ७० टक्के होतं असं २०१० मध्ये दाखवलं गेलं. ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सच्या झिरकॉन स्फटिकांवरून याहूनही जुन्या, ४२० कोटी वर्षांपूर्वीच्या क्षेत्राचा दावा आहे. त्या स्फटिकांतलं चुंबकत्व मूळचं की नंतर शिरलेलं, यावर दोन गट एकमेकांसमोर उभे आहेत, आणि मी तो दावा अजून सिद्ध धरत नाही. याउलट ५६.५ कोटी वर्षांपूर्वीचा, कॅनडातल्या सेत-इल इथल्या खडकांतून मिळालेला आकडा मला भक्कम वाटतो: क्षेत्र आजच्या जेमतेम दहाव्या हिश्श्यावर, तेही थोडाथोडका काळ नव्हे. काहींचं म्हणणं असं की तेव्हा गाभा पूर्ण द्रव होता, डायनॅमो, म्हणजे क्षेत्र तयार करणारी गाभ्यातली घुसळण, विझण्याच्या बेतात आला होता, आणि मग मध्यभागी घन गाभा गोठायला लागून त्याला नवी ऊर्जा मिळाली. वेळापत्रक पटण्यासारखं आहे, पण आतला गाभा कधी गोठू लागला याचे अंदाज अजून पन्नास कोटींपासून दीडशे कोटी वर्षांपर्यंत पसरलेले आहेत.

आता कारण. सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर बाह्यगाभा सुरू होतो: द्रव लोह, थोडं निकेल आणि काही हलकी मूलद्रव्यं. तो खालून वर घुसळला जातो, पृथ्वीच्या फिरण्याने त्या प्रवाहांना पीळ पडतो, आणि वाहकातून असा प्रवाह चालू राहिला की असलेलं चुंबकीय क्षेत्र ताणलं जाऊन नवं क्षेत्र बनतं. घुसळण आज थांबली तर द्विध्रुव आपोआप विरेल, पण त्याला काही दहा हजार वर्षं लागतील. आजची घट शतकाला पाच-सहा टक्के आहे. नुसत्या विरण्याच्या मानाने हा वेग सुमारे दहापट आहे. म्हणजे ही घट क्षेत्र "संपत" असल्याची असूच शकत नाही. त्याच प्रवाहांनी द्विध्रुव सक्रियपणे कमी केला जातोय. बार्न्सच्या मांडणीला हा दुसरा, आणि माझ्या मते जास्त घातक, धक्का.

कमी केला जातोय तो कुठे, हेही दिसतं. दक्षिण अटलांटिक आणि दक्षिण आफ्रिकेच्या खाली, गाभ्याच्या वरच्या सीमेवर असे पट्टे आहेत जिथे क्षेत्ररेषा उलट्या दिशेने जातात. दक्षिण गोलार्धात क्षेत्र गाभ्यातून बाहेर यायला हवं, तिथे ते आत शिरतं. हे पट्टे वाढले आणि ध्रुवाकडे सरकले तेवढा द्विध्रुव खालावला. भूपृष्ठावर त्याची सावली म्हणजे दक्षिण अटलांटिक विसंगती. तिच्यातली किमान तीव्रता १९७० ते २०२० मध्ये सुमारे २४,००० नॅनोटेस्लावरून २२,००० वर आली. २०१३ मध्ये सोडलेले स्वॉर्म उपग्रह तिच्यावर नजर ठेवून आहेत, आणि अलीकडे तिची दोन केंद्रं होताना दिसतात. याचा त्रास जमिनीवर कुणाला नाही, पण वरून जाणाऱ्या यंत्रांना आहे: हबल दुर्बीण या पट्ट्यातून जाताना निरीक्षणं थांबवते, कारण तिथे विद्युतभारित कण खूप खालपर्यंत उतरतात.

मग ही विसंगती म्हणजे पालटाची नांदी का? सेंट हेलेना बेट बरोबर या पट्ट्यात आहे. तिथल्या ८० लाख ते १ कोटी १० लाख वर्षांच्या दरम्यानच्या लाव्ह्यातही चुंबकीय दिशा नेहमीपेक्षा जास्त भरकटलेल्या सापडल्या. तिथलं क्षेत्र बहुधा फार जुन्या काळापासून असंच चंचल आहे. दुसऱ्या एका, २०२२ च्या अभ्यासाने गेल्या नऊ हजार वर्षांचं क्षेत्र उभं केलं, तेव्हा इसवी सनपूर्व ६०० च्या सुमारास जवळजवळ आजच्यासारखीच असमतोल स्थिती होऊन गेल्याचं दिसलं. ती पालटात संपली नाही, विरून गेली. त्या साम्यावरून लेखकांचा अंदाज असा की आजची विसंगतीही येत्या तीनशे वर्षांत मावळेल आणि क्षेत्र पुन्हा जास्त सममित होईल. हा अंदाज खोटा ठरू शकतो. दक्षिण गोलार्धातली जुनी खापरं आणि लाव्हा यांची मोजणी उत्तरेच्या तुलनेत फारच तोकडी आहे, आणि नेमकं सगळं घडतंय दक्षिणेत. म्हणून सध्या लिम्पोपो नदीच्या खोऱ्यातल्या लोहयुगीन झोपड्यांची जळलेली जमीन किंवा दक्षिण अमेरिकेतल्या जुन्या चुलींची माती यांतून निघणारा एकेक आकडा आम्हाला युरोपातल्या शंभर विटांपेक्षा मोलाचा वाटतो.